डॅनिश परीकथांतलं हसू आणि शहाणपण: वाचायचं कसं, ऐकवायचं कसं

उघडा राजा सगळ्यांना माहीत असतो, गाद्यांच्या थप्पीखालचा वाटाणाही. बदकाच्या पिल्लाचा शेवटी हंस होतो, हेही. हान्स क्रिश्चन अँडरसनच्या बाबतीत अडचण इथूनच सुरू होते. कथानक ठाऊक असलं की कथा वाचून झाली असं वाटतं. मग मूळ मजकूर उघडला जात नाही आणि या डॅनिश लेखकाने घातलेलं हसू कुणाच्या कानावर पडत नाही.

अँडरसनने विनोद कथानकात फारसा ठेवलेला नाही. तो सांगण्यात आहे. वाक्य कुणाच्या तोंडी दिलंय, ते कोणत्या क्षणी येतं, वस्तू किती आणि कोणती सांगितली आहे, या जागा पाहायच्या. शहाणपणही तिथेच असतं, बहुतेकदा त्याच वाक्यात. म्हणून या कथा सारांशाने सांगितल्या तर दोन्ही एकदमच जातात. त्या पूर्ण, मोठ्याने आणि ठरावीक ठिकाणी थांबत वाचाव्या लागतात. मे १८३५मध्ये त्याच्या परीकथांची पहिली पुस्तिका निघाली. पानं ६१, कथा चार. पुढच्या वर्षीच्या परीक्षणांत तक्रार झाली ती भाषेबद्दल, की माणूस बोलतो तसं लिहिलंय, छापील पुस्तकाला हे शोभत नाही. ज्याला तेव्हा दोष म्हटलं गेलं, त्यावरच आज वाचणाऱ्याने भर द्यायचा आहे.

आधी पुस्तक तपासा

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच आवृत्त्या संक्षिप्त असतात आणि मुखपृष्ठावर तसं लिहिलेलं नसतं. एकोणिसाव्या शतकातली काही इंग्रजी भाषांतरं तर थेट डॅनिशवरून नव्हे, जर्मनवरून झाली, आणि जे जे वाकडं, धारदार किंवा अनपेक्षित होतं ते वाटेत गुळगुळीत झालं. पुढची भाषांतरं त्यांच्यावरून झाली असतील, तर तेच पुढे चालत आलं. पुस्तक हातात घेतल्यावर चार-पाच ठिकाणं उघडून पाहिली की पाठ पूर्ण आहे की नाही ते कळतं.

‘वाटाण्यावरची राजकन्या’ लग्नावर संपता कामा नये. लग्नानंतर वाटाणा राजाच्या संग्रहालयात ठेवला जातो. कुणी नेला नसेल तर तो अजून तिथे बघायला मिळेल, असं निवेदक सांगतो आणि शेवटी म्हणतो की बघा, ही झाली खरी गोष्ट. अख्ख्या कथेत ‘खरी राजकन्या’, ‘खरी राजकन्या’ चाललेलं असतं. शेवटी ‘खरी’ हा शब्द गोष्टीलाच लागतो आणि पुरावा म्हणून एक वाटाणा पुढे केला जातो. हे वाक्य नसेल तर विनोदाची कळच गेली.

‘राजाचे नवे कपडे’ मुलाच्या ओरडण्यावर संपत असेल तर पाठ अपुरा आहे. ‘चकमकीची डबी’मध्ये तीन कुत्रे आहेत. पहिल्याचे डोळे चहाच्या पेल्याएवढे, दुसऱ्याचे पाणचक्कीच्या चाकाएवढे, तिसऱ्याचे गोल मनोऱ्याएवढे. हा मनोरा म्हणजे कोपनहेगनचा रुंडेटॉर्न, सतराव्या शतकात राजा ख्रिश्चन चौथ्याने बांधलेला, सुमारे ३५ मीटर उंच. त्या शहरातल्या प्रत्येक मुलाने पाहिलेला. तिथे नुसतं ‘खूप मोठे’ लिहिलेलं आढळलं तर पुस्तक परत ठेवा. ‘ठोंब्या हान्स’च्या अगदी शेवटी ही बातमी नगरशेटजींच्या वर्तमानपत्रातून थेट घेतली आहे आणि तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही, असं यायला हवं. आणि ‘छोटी जलपरी’त राजपुत्राशी तिचं लग्न लागलं, तर ती कथा अँडरसनची नाहीच.

इंग्रजी चालत असेल तर जीन हर्शोल्ट यांचं १९४९चं संपूर्ण भाषांतर घ्यावं. ओडेन्स हे अँडरसनचं जन्मगाव. तिथल्या सदर्न डेन्मार्क विद्यापीठाच्या अँडरसन केंद्राने ते ऑनलाइन ठेवलं आहे. हाताशी असलेल्या पुस्तकाचा शेवट त्याच्याशी ताडून पाहणं हा सर्वांत जलद उपाय.

कोणती आधी, कोणती नंतर

कथा १५६ आहेत. पहिल्या पानापासून क्रमाने वाचायला घेतल्या तर पहिल्याच पुस्तिकेत सैनिक म्हातारीचं डोकं उडवतो, ‘छोटा क्लाउस आणि मोठा क्लाउस’मध्ये माणसं मारली जातात, आणि ऐकणारा दचकतो. त्या कथा वाईट नाहीत. लोककथेचा जुना, रांगडा हिशेब त्यांत आहे. पण कान तयार व्हायच्या आधी त्या देऊ नयेत.

सुरुवात ‘अगदी खरी गोष्ट’ने करावी, १८५२ची. मोठ्याने वाचायला पाच-सहा मिनिटं पुरतात. ‘वाटाण्यावरची राजकन्या’ तीन मिनिटांची आहे, पण ती वाटते तितकी सोपी नाही, म्हणून दुसरी. मग ‘राजाचे नवे कपडे’, साधारण बारा ते पंधरा मिनिटं. त्यानंतर ‘ठोंब्या हान्स’ आणि ‘घरधनी करतील ते बरोबरच’. ‘नाइटिंगेल’ला अर्धा तास ठेवा. ‘हिमराणी’ सात भागांत आहे आणि तासाभराहून जास्त वेळ घेते. ती एका बैठकीत वाचण्याचा हट्ट नको, भागांच्या सीमा लेखकानेच आखून दिल्या आहेत. ‘सावली’ मात्र मोठ्यांसाठी आहे. माणसाची सावली त्याच्यापासून सुटते, प्रतिष्ठित होते आणि शेवटी मालकालाच आपली सावली व्हायला सांगते. लहान मुलांपुढे ती वाचू नये.

१८४३पासून अँडरसनने पुस्तकाच्या नावातून ‘मुलांसाठी सांगितलेल्या’ हे शब्द काढून टाकले. त्याच वर्षी एका पत्रात त्याने आपली रीत लिहून ठेवली आहे. कल्पना मोठ्यांसाठी घ्यायची आणि ती लहानांना सांगायची, पण शेजारी आईवडीलही ऐकत बसलेत हे विसरायचं नाही, त्यांनाही विचाराला काही द्यायचं. म्हणून ऐकणाऱ्यांत दोन्ही वयांची माणसं असली तर उत्तम. मुलं एका जागी हसतात आणि मोठी माणसं दुसऱ्याच.

हे वाक्य कुणाचं आहे?

या कथांत शहाणपण शोधणारे वाचक एक चूक हमखास करतात. छानसं, ठाम वाक्य दिसलं की ते लेखकाचं मत समजून उतरवून घेतात. अँडरसनकडे ठाम वाक्यं बहुधा मूर्खांच्या तोंडी असतात. तेव्हा प्रत्येक सुविचारापाशी थांबून विचारा की हे बोलतंय कोण, आणि तसं बोलण्यात त्याचा काय फायदा आहे.

‘कुरूप बदकपिल्लू’मधली म्हातारीची झोपडी याच्या सरावासाठी सर्वांत चांगली. झोपडी इतकी मोडकळीला आलेली की कोणत्या बाजूला पडावं हे तिचं ठरत नाही, म्हणून ती उभी आहे. आत एक बोका आणि एक कोंबडी. ‘आम्ही आणि जग’ अशी त्यांची बोलण्याची पद्धत, कारण आपण म्हणजे निम्मं जग, आणि तेही चांगलं निम्मं, अशी दोघांची खात्री आहे. पिल्लू काही बोलू जातं तेव्हा कोंबडी विचारते, “तुला अंडी घालता येतात का? नाही ना? मग तोंड बंद ठेव.” बोका विचारतो, “तुला पाठ उंचावता येते? गुरगुरता येतं? ठिणग्या काढता येतात? नाही? मग शहाणी माणसं बोलत असताना तुला मत असायचं कारण नाही.” पुढे पिल्लाला पोहावंसं वाटतं. त्यावर कोंबडीचा सल्ला असा की तुला काही उद्योग नाही म्हणून असली खुळं सुचतात, अंडी घाल नाहीतर गुरगुर, म्हणजे जातील.

वाचताना कोंबडीला खलनायिकेचा आवाज दिलात तर प्रसंग कोसळतो. ती मनापासून, काळजीने बोलते आहे आणि तिला तिचा उपदेश हितकर वाटतो. तसाच, प्रेमळ आणि थोडा घाईचा आवाज लावा. ऐकणाऱ्याला आपल्या ओळखीचं कुणीतरी आठवलं पाहिजे. विनोद आणि बोच एकदम पोचते ती तेव्हाच.

‘छोटी जलपरी’तली आजीही अशीच. समुद्रतळाच्या राजघराण्यातली ही बाई शेपटीवर बारा शिंपले मिरवते. बाकीच्या खानदानी बायकांना सहाच लावायची परवानगी. नातीच्या शेपटीला ती आठ चिकटवते, नात दुखतंय म्हणते, आणि आजी सांगते की दिमाखासाठी थोडं सोसावं लागतं. बारा, सहा, आठ हे आकडे सपाट आवाजात, दरबारी नियम वाचून दाखवल्यासारखे वाचा. पुढे या मुलीला पायांसाठी किती सोसावं लागतं हे कथा सांगणारच आहे. इथे आवाजात दुःख आणलं तर ती पुढची जागा वाया जाते.

एका पिसाच्या पाच कोंबड्या

‘अगदी खरी गोष्ट’ वाचून दाखवणं म्हणजे अफवा कशी वाढते याचं प्रात्यक्षिक आहे. तिची बांधणी इतकी चोख आहे की प्रत्येक पायरीला वेगळी वागणूक द्यावी लागते.

कथा उघडते ती एका कोंबडीच्या उद्गाराने, की भयंकर गोष्ट घडली. लगेच निवेदक सांगतो की ती बोलते आहे ते गावाच्या अशा भागात, जिथे ती गोष्ट घडलेलीच नाही. हे पोटवाक्य घाईत निसटतं. तिथे अर्धा श्वास थांबा. त्यानंतर निवेदक ‘सुरुवातीपासून सुरू करू’ म्हणत दुसऱ्या खुराड्यात नेतो. तिथे एक पांढरी, आखूड पायांची, नेमाने अंडी देणारी, सर्व दृष्टींनी अब्रूदार कोंबडी पिसं साफ करते आहे. एक पीस गळतं. ती गमतीने म्हणते, “गेलं! जितकी पिसं काढीन तितकी मी सुंदर दिसेन,” आणि झोपी जाते. हे गमतीत म्हटलं होतं, असं लेखक स्पष्ट सांगतो. तो शब्द हलका पण ऐकू येईल असा उच्चारा, कारण पुढच्या प्रत्येक तोंडातून नेमका तोच गळणार आहे.

शेजारीण जागी असते. तिने ऐकलं आणि ऐकलं नाही. सुखाने नांदायचं तर जगात असंच वागावं लागतं, असं निवेदक तिची बाजू घेत सांगतो. तरी तिच्याने राहवत नाही आणि ती पलीकडचीला सांगते: “मी नाव घेत नाही, पण इथे एक कोंबडी आहे, जी देखणी दिसण्यासाठी पिसं उपटणार आहे. मी कोंबडा असते तर तिचा तिरस्कार केला असता.” घुबडीण ऐकते, पिल्लांना ‘ऐकू नका’ म्हणते आणि लगेच सगळं बोलते. तिथून बातमी कबुतरांकडे जाते. आता त्या कोंबडीने कोंबड्यासाठी सगळी पिसं उपटली आहेत आणि ती गारठून मरणार आहे, मेली नसेल तर. कबुतरं एकीच्या दोन करतात. झोपेतून उठलेला कोंबडा आरवतो तो तीन कोंबड्या प्रेमभंगाने मेल्याचं सांगत. आपल्याला असली गोष्ट पोटात ठेवायची नाही, पुढे जाऊ दे, असं म्हणून तो ती सोडून देतो. ती गावभर फिरून मूळ खुराड्यात परत येते तेव्हा कोंबड्या पाच झालेल्या असतात. कोंबड्याच्या प्रेमात सर्वांत जास्त कोण झुरलं हे दाखवायला त्यांनी पिसं उपटली, आणि मग एकमेकींना टोचून रक्तबंबाळ होऊन मेल्या. घराण्याला काळिमा, मालकाचं मोठं नुकसान.

वाचणारे इथे बहुधा आवाज चढवत नेतात आणि पाचपर्यंत पोचताना ओरडू लागतात. उलट करा. वेग थोडा वाढवा, आवाज खाली आणा. अफवा कुजबुजीने वाढते. आणि प्रत्येक सांगणाऱ्याला आपण नैतिकदृष्ट्या वरच्या पायरीवर आहोत याचं समाधान आहे, ते आवाजात येऊ द्या. एक, दोन, तीन, पाच हे आकडे मात्र स्वच्छ उच्चारा. ऐकणाऱ्याने मनात मोजलं पाहिजे. चार गाळलेले आहेत, तिथे कुणी मूल ‘चार कुठे गेले’ विचारतंच. त्याला इतकंच विचारा की तुला काय वाटतं, मध्ये कोणी सांगितलं असेल?

शेवट सर्वांत धारदार. पीस गळलेली ती पहिली कोंबडी ही बातमी ऐकते, आपलीच गोष्ट ओळखत नाही, आणि अब्रूदार असल्यामुळे त्या पाच जणींचा धिक्कार करते. असल्या गोष्टी दडपू नयेत म्हणून ती वर्तमानपत्रात छापून यावी यासाठी खटपटही करते. ती येते. एका पिसाच्या पाच कोंबड्या होतात, हे अगदी खरं आहे. इथे पुस्तक मिटा आणि काही बोलू नका. ‘म्हणून अफवा पसरवू नयेत’ असं एक वाक्य जोडलं की ऐकणारा त्या शेजारणीपासून सुटतो आणि स्वतःला शहाण्यांत मोजू लागतो. लेखकाने त्याला ती मोकळीक दिलेली नाही, तुम्हीही देऊ नका.

राजाचे कपडे सावकाश विणा

‘राजाचे नवे कपडे’चा सांगाडा चौदाव्या शतकातल्या एका स्पॅनिश कथेतून आला आहे. तिथल्या कापडाची अट वेगळी. जो आपल्या बापाचा नाही, त्याला ते दिसत नाही. खरं बोलतो तो घोड्यांची निगा राखणारा नोकर, कारण वारशाने मिळण्यासारखं त्याच्याकडे काहीच नसतं. अँडरसनने अट बदलली. जो आपल्या हुद्द्याला नालायक आहे किंवा अक्षम्य मूर्ख आहे, त्याला कापड दिसणार नाही. या एका बदलाने भीती बिछान्यातून कचेरीत आली आणि कथा सगळ्या जगाची झाली.

वाचताना तीन माणसांची तीन उत्तरं वेगळी ठेवा. म्हातारा, प्रामाणिक मंत्री मागाजवळ जातो, काही दिसत नाही, आणि तो आधी स्वतःच्या अकलेवर शंका घेतो: मी मूर्ख आहे का? कधी वाटलं नव्हतं. दुसरा अधिकारी जातो आणि म्हणतो, मूर्ख तर मी नाही, म्हणजे हुद्द्यालाच लायक नसणार, चमत्कारिकच आहे, पण कुणाला कळू द्यायचं नाही. राजाला दोन्ही शंका एकदम येतात. तिन्ही एकाच घाबऱ्या सुरात वाचले तर तोच प्रसंग तीनदा आल्यासारखा वाटतो आणि ऐकणारा कंटाळतो. मंत्री हळवा, अधिकारी हिशेबी, राजा हादरलेला, इतका फरक पुरे.

विणकरांची कामं पूर्ण गांभीर्याने वाचा. ते रेशीम आणि सोन्याचा धागा मागतात आणि स्वतःच्या पिशवीत भरतात. मिरवणुकीच्या आदल्या रात्री सोळाहून अधिक मेणबत्त्या लावून जागतात, हवेत कात्री चालवतात, धागा नसलेल्या सुईने शिवतात. ही खोट्या कामाची खरी मेहनत आहे. इथे हसू आलं तरी वेग वाढवू नका.

आता ते मूल. हस्तलिखितात ते नव्हतंच. तिथे राजा कपड्यांवर खूश होतो आणि लोकही कौतुक करत राहतात. २५ मार्च १८३७ला अँडरसनने छपाईच्या टप्प्यावर पत्र लिहून शेवट बदलायला सांगितला आणि ७ एप्रिलला पुस्तिका बाहेर पडली. पण बदललेला शेवटही मुलाच्या आवाजावर थांबत नाही. मूल म्हणतं, अंगावर काहीच नाही. बाप म्हणतो, निष्पापाचा बोल ऐका. मग कुजबुज, मग सगळी गर्दी ओरडते. राजाच्या अंगावर काटा येतो, कारण लोकांचं बरोबर आहे असं त्यालाही वाटतं. तरी तो विचार करतो की आता मिरवणूक पार पाडलीच पाहिजे, आणि आणखी ताठ चालू लागतो. मागे सरदार नसलेला घोळ उचलून चालत राहतात.

मुलाचं वाक्य ओरडू नका. साध्या, जवळजवळ कंटाळलेल्या आवाजात म्हणा. मुलाला आपण काही धाडस करतोय याची कल्पनाच नाही. सगळा जोर शेवटच्या दोन वाक्यांसाठी राखून ठेवा. खोटं उघडं पडणं सोपं आहे, ते थांबणं अवघड, हे त्या सरदारांच्या रिकाम्या हातांत आहे.

हाच धागा ‘नाइटिंगेल’मध्ये पुन्हा सापडतो आणि दोन्ही कथा लागोपाठ वाचल्या तर फार शोभतात. चीनच्या सम्राटाचे दरबारी नाइटिंगेल या गाणाऱ्या पक्ष्याच्या शोधात रानात जातात. गाय हंबरते तेव्हा ‘एवढ्याशा जिवात केवढी ताकद’ म्हणतात आणि बेडूक डरावतात तेव्हा राजपुरोहिताला देवळातल्या घंटा ऐकू येतात. खरा पक्षी ओळखते ती स्वयंपाकघरातली गरीब मुलगी. पुढे जडजवाहिराचा यांत्रिक पक्षी येतो. संगीतगुरू त्याच्यावर २५ खंड लिहितो, अतिशय विद्वत्तापूर्ण, चिनी भाषेतल्या कठीणात कठीण शब्दांचे. सगळे लोक म्हणतात की आम्ही वाचले आणि कळले, कारण नाहीतर ते मूर्ख ठरले असते आणि त्यांच्या पोटावर फटके बसले असते. ‘पंचवीस’ इथे ‘अनेक’ झालं की वाक्य मेलं.

पाच सौदे

१८६१ची ‘घरधनी करतील ते बरोबरच’ ही वाचायला सर्वांत अवघड, कारण नवरा-बायकोला बावळट ठरवण्याचा मोह आवरत नाही. शेतकरी बाजारात घोडा विकायला निघतो. घोडा देऊन गाय घेतो, गाय देऊन मेंढी, मेंढी देऊन हंसी, हंसी देऊन कोंबडी, आणि कोंबडी देऊन पोतंभर सडकी सफरचंदं. खाणावळीत भेटलेले दोन श्रीमंत इंग्रज म्हणतात की बायको मारणार. तो म्हणतो की मुका घेणार. सोन्याच्या नाण्यांची पैज लागते.

जाताना प्रत्येक सौद्यामागचं कारण नीट वाचा. ते मूर्खपणाचं नाही. बांधावर चारा जेमतेम आहे, मेंढीला तेवढा पुरेल, असा त्याचा विचार चाललेला असतो. दर वेळी त्याच्या डोळ्यांपुढे घर आणि बायको असते. घरी आल्यावर ती दर सौद्याला नवं कारण काढून आनंदते. गायीचं दूध-लोणी, मेंढीची लोकर आणि मोजे, हंसी नोव्हेंबरातल्या सेंट मार्टिनच्या जेवणाला, कोंबडीची अंडी आणि पिल्लं. ऐकणारा वाट बघतो की सडक्या सफरचंदांना ती काय कारण काढणार. ती आधी मुका घेते आणि मग सांगते: तुमच्यासाठी ऑम्लेट करायचं होतं, कांद्याची पात नव्हती, मास्तरांच्या बायकोकडे उसनी मागायला गेले, तर ती कंजूष बाई म्हणाली, आमच्या बागेत काही उगवत नाही, सडकं सफरचंददेखील द्यायला नाही. आता मी तिला दहा देऊ शकते, पोतंभर देऊ शकते! काय मजा!

बायकोच्या उत्तरांत कुठेही ‘बघा किती भोळी’ असा सूर येऊ देऊ नका. तिला खरंच आनंद झाला आहे. दोघांपैकी कुणी शहाणं आहे का, हा प्रश्न वाचून झाल्यावर ऐकणाऱ्यांत वाद घालायला फार चांगला आहे. आमच्या मते अँडरसनने उत्तर मुद्दाम मोकळं ठेवलंय. घोडा गेला हे खरं, आणि त्या घरात भांडण नाही हेही खरं.

बारीक वस्तू जपा

पेन्सिल घेऊन वाचा आणि आकडा, वस्तू, आवाज दिसेल तिथे खूण करा. ‘ठोंब्या हान्स’मध्ये राजकन्येला बोलण्यात जिंकायला निघालेले हुशार भाऊ तोंडाच्या कोपऱ्यांना कॉड माशाचं तेल लावतात, म्हणजे शब्द सरसर सुटतील. एकाला अख्खा लॅटिन शब्दकोश आणि गावच्या वर्तमानपत्राचे तीन वर्षांचे अंक पाठ आहेत, पुढून मागून. आणि हान्स बोकडावर बसून जातो, सोबत मेलेला कावळा, वरचा भाग तुटलेला लाकडी जोडा आणि खिसाभर चिखल. दरबारात भट्टी तापलेली आहे. ती कोंबडे भाजायला, असं राजकन्या सांगते. पाठांतरवाले गप्प होतात. हान्स म्हणतो, मग माझा कावळाही भाजून घेतो. ‘विचित्र वस्तू घेऊन गेला’ असं सांगितलं तर उत्तरच उरत नाही, कारण जोडा हे भांडं होतं आणि चिखल हा रस्सा.

‘हिमराणी’त लॅपलंडची बाई निरोप लिहिते तो वाळवलेल्या माशावर, कारण घरात कागद नाही. फिनलंडची बाई तो तीनदा वाचते, पाठ झाल्यावर मासा भांड्यात टाकते, कारण ती काही वाया घालवत नाही. एवढ्या गंभीर प्रवासात हा मासा हसवतो आणि उत्तरेच्या काटकसरीबद्दल बरंच सांगूनही जातो. संक्षिप्त आवृत्तीत सर्वांत आधी हाच कापला जातो. ‘कथलाचा शूर सैनिक’ही पाहा. पंचवीस भाऊ एकाच जुन्या चमच्यातून ओतलेले, शेवटच्याला कथील पुरलं नाही म्हणून एक पाय. खिडकीतून पडल्यावर तो मदतीला हाक मारत नाही, कारण अंगावर गणवेश आहे. हे वाक्य हसत वाचावं की हळहळत, हे ठरवू नका. सरळ वाचा, दोन्ही होईल.

मोल्सच्या लोकांच्या गोष्टी

अँडरसनचा विनोद कानात बसला की डेन्मार्कच्या लोकपरंपरेतल्या मोल्स गावकऱ्यांच्या गोष्टी जरूर घ्या. मोल्स हा जटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचा भाग. तिथल्या लोकांच्या ‘शहाणपणा’च्या गोष्टी अठराव्या शतकापासून छापल्या जात आहेत. त्या दोन-दोन मिनिटांच्या असतात आणि त्यांत निवेदकाचा खेळ नसतो. सगळं तर्कावर चालतं. शेतात करकोचा शिरला, पिकं तुडवतोय. गुराख्याला पाठवून हाकलायचा, पण गुराख्याचे पाय मोठे, तोच जास्त तुडवेल. म्हणून आठ माणसं त्याला एका फाटकावर बसवून शेतातून उचलून नेतात. युद्धात चर्चची घंटा लुटली जाऊ नये म्हणून ती समुद्रात बुडवतात, आणि जागा लक्षात राहावी म्हणून होडीच्या काठावर खाच पाडतात. मासे खाल्ल्याबद्दल ईलला, म्हणजे सापासारख्या लांब माशाला, बुडवून मारायची शिक्षा देतात.

सांगण्याची रीत अशी. समस्या पूर्ण मांडा, मग प्रत्येक पायरीला ऐकणाऱ्याची मान डोलली पाहिजे इतकं ते रास्त वाटू द्या. गुराख्याचे पाय मोठे आहेत, हे खरंच अडचणीचं आहे. तुम्ही मध्येच हसलात किंवा ‘हे मूर्ख लोक’ असं म्हणालात, तर तर्काची साखळी तुटते. ‘आठ माणसं’ हा आकडा शेवटी, वाक्याच्या टोकाला ठेवा आणि त्यापुढे एकही शब्द नको. एका बैठकीला तीनपेक्षा जास्त सांगू नका. चौथीला ऐकणारा शेवट आधीच ओळखतो. आणि त्या घ्यायच्या त्या अँडरसनच्या दोन लांब कथांच्या मध्ये, ‘नाइटिंगेल’ संपल्यावर आणि ‘हिमराणी’चा पहिला भाग उघडण्याआधी.